लिस्बन बघायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नांची रांग लागते. आधी सख्खे पाहुणे, मग त्यांचे शेजारी, मग शेजाऱ्यांच्या व्याह्यांचे मित्र. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा एकदाच सगळं मांडून ठेवते. मी लिस्बनमध्ये राहते, गाइड नाही. त्यामुळे काही ठिकाणी माझी मतं सरळसरळ डोकावतील, तेवढी चालवून घ्या.

लिस्बनला किती दिवस ठेवावेत? टूरवाले दीडच दिवस देतायत.

चार पूर्ण दिवस हवेत. दीड दिवसातला अर्धा दिवस बसमध्येच जातो. एक दिवस नदीकाठची बायशा आणि तिला लागून असलेला शियादो, एक दिवस अल्फामा आणि ग्रासाच्या टेकड्या, एक दिवस बेलेम, आणि उरलेला शेजारच्या डोंगरातल्या सिंत्रा गावाला. तीनच दिवस असतील तर सिंत्रा सोडा, शहर सोडू नका. हे ऐकून लोक नाराज होतात, कारण सिंत्र्याचा पिवळा-लाल राजवाडा सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो.

कोणत्या महिन्यात यावं?

एप्रिल ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. मेच्या अखेरीस जॅकरांडा फुलतो आणि काही रस्ते वर-खाली जांभळे होतात. जुलै-ऑगस्टात ऊन कडक, गर्दी त्याहून कडक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे दिवस. आपल्यासारखा कोसळत नाही, पण अटलांटिकचा वारा छत्री उलटी करून हातात देतो.

जून मध्यापर्यंत येणार असाल तर १२ तारखेची रात्र साधा. १३ जून हा संत आंतोनियोचा दिवस. जग त्याला पादुआचा म्हणून ओळखतं, पण तो जन्मला लिस्बनमध्ये, आणि इथले लोक हे तुम्हाला दहा वेळा सांगतात. वसईकर आणि गोंयकारांना त्याची ओळख करून द्यायला नकोच. आदल्या रात्री अल्फामाच्या बोळाबोळांत शेगड्या मांडून तारल्यांच्या भाऊबंद सार्डिन भाजतात, धुराने डोळे चुरचुरतात, आणि रस्त्यावर छोट्या कुंड्या विकायला असतात. कुंडीत तुळशीच्या कुळातलं एक गोल, दाट झुडूप, त्यात खोचलेलं कागदी फूल आणि चार ओळींची कविता. त्याचा वास थेट नाक लावून घ्यायचा नाही. तळहात अलगद फिरवायचा आणि हात हुंगायचा. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सवयीने एक पान तोडून तोंडात टाकलं, तेव्हा कुंडीवालीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

व्हिसा आणि विमानाचं काय?

व्हिसा शेंगेनचा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. मुंबईहून थेट विमान नाही, आखातातून किंवा युरोपातल्या दुसऱ्या शहरातून बदलून यावं लागतं. घड्याळ उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच.

विमानतळावरून गावात कसं यायचं?

मेट्रोने. विमानतळ शहरातच आहे आणि लाल लाइन तिथूनच सुटते. स्टेशनवर 'नावेगांते' नावाचं कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरून ठेवा, किंवा चोवीस तासांचं तिकीट भरा. कार्ड माणशी एक लागतं. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं आत जायला बघतात आणि दुसरा फाटकापाशी अडकतो, हे दृश्य मी बरेचदा पाहिलंय. संग्रहालयं भरपूर बघणार असाल तर लिस्बोआ कार्ड परवडतं. त्यात शहरातला प्रवास, सिंत्रा-कश्काइशची ट्रेन आणि बरीच प्रवेशतिकिटं येतात. नुसतं भटकणार असाल तर ते पैसे वाया.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. टेकड्यांचं शहर म्हणतात. झेपेल का?

झेपेल, पण वाटा माहीत हव्यात. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून नीट सांगते.

पहिली गोष्ट बूट. इथले फुटपाथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे, हाताने एकेक बसवलेले. रोसियो चौकात तर त्यांच्या लाटा काढल्यात, नुसतं बघूनही पाय डगमगल्यासारखे होतात. दोनशे वर्षं लोक चालून चालून दगड गुळगुळीत झालेत असं वाटावं इतके ते घसरडे, आणि पाऊस पडला की साबणच. चामड्याच्या तळव्याचे बूट, कोल्हापुरी चपला, टाचेच्या सॅंडल, सगळं घरी. रबरी तळव्याचे वापरून मऊ झालेले बूट आणा.

दुसरी गोष्ट, चढ वाचवायच्या युक्त्या. बायशातून किल्ल्याकडे जायचं तर रुआ दुश फांकैरुशवर एका साध्या इमारतीच्या दारात सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती एक चढ उचलून वर सोडते. तिथून थोडं चालून सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट घ्यायची, तीही फुकट. वर उतरलात की किल्ल्याचा निम्म्याहून अधिक डोंगर खाली राहिलेला असतो. बायशातून शियादोला जायला मेट्रो स्टेशनचे सरकते जिने वापरायचे. ट्रेनमध्ये बसायचं नाही, एका तोंडाने शिरून दुसऱ्याने बाहेर.

सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट १९०२ ची, ४५ मीटर उंच, दिसायला फारच देखणी. तिच्या रांगेत तासभर उभं राहण्यात अर्थ नाही. शियादोच्या बाजूने कार्मु मठाच्या मागच्या गच्चीवर या, तिच्या डोक्याशी सपाटीवरून पोचता. डोंगर चढणाऱ्या पिवळ्या फ्युनिक्युलर गाड्यांबद्दल विचारत असाल, तर ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरियाच्या चढावर मोठा अपघात होऊन १६ माणसं गेली. त्यानंतर सगळ्याच थांबवल्या होत्या. कोणती चालू आहे ते निघायच्या आधी बघून घ्या.

२८ नंबरची ट्राम घेतलीच पाहिजे का?

पिवळी, लाकडी बाकांची, १९३० च्या दशकातली गाडी अल्फामाच्या बोळातून जाताना भिंतीला हात लागेल इतकी जवळून जाते. मजा आहेच. पण मार्तिम मोनिझला सकाळी दहानंतर रांग पाहिलीत तर दादर स्टेशन बरं वाटेल. दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीकच्या स्मशानापाशी, सकाळी आठला जा. बसायला जागा मिळते आणि शाळा-ऑफिसला निघालेले लिस्बनकर सोबतीला असतात. त्यांच्यासाठी ही रोजची गाडी आहे, हे सेल्फी काढताना लक्षात असू द्या.

शहर इतकं जुनं म्हणता, मग बायशाचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे कसे?

कारण ते खरंच पट्टीने आखलेत. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस, सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले. चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकडे धावले, तर पाणी ओसरून तळ उघडा पडलेला, आणि मग तेच पाणी लाटा होऊन आत शिरलं. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कितीतरी दिवस जळत राहिली. राजवाडा गेला. भारताच्या व्यापाराचं दफ्तर सांभाळणारी 'कासा द इंदिया' गेली, आणि तिच्यासोबत आपल्या किनाऱ्याबद्दलचे सुरुवातीच्या काळातले किती कागद गेले त्याची मोजदाद नाही.

राजा जुझे पहिला वाचला, पण दगडी छताखाली झोपायचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. आझुदाच्या टेकडीवर तंबू आणि लाकडी बराकींत दरबार भरवून राहिला. शहर उभं केलं ते त्याच्या मंत्र्याने, पुढे ज्याला मार्किश द पोंबाल म्हणतात त्याने. त्याने जुन्या गल्ल्यांचा नाद सोडून सरळ रस्ते आखले. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता, कापडवाल्यांचा रस्ता, अशी धंद्यावरून नावं. पुण्यात तांबट आळी आणि बोहरी आळी, तसंच. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घातला, म्हणजे जमीन हलली तर घर डुलेल पण कोसळणार नाही. पिंजऱ्याचा नमुना चौकात उभारून त्याच्याभोवती सैन्याला पाय आपटत चालायला लावून तो तपासला, असं सांगतात. भूकंपाचा विचार करून बांधलेली ही युरोपातली अगदी सुरुवातीची घरं.

ते कुठे दिसेल? बायशात एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन केलंय. आधी नाव नोंदवून खाली उतरता येतं. तिथे पोंबालच्या काळचे लाकडी खांब, आणि त्यांच्याही खाली रोमनांचे मासे खारवायचे हौद. म्हणजे हे गाव दोन हजार वर्षं खाऱ्या माशावरच जगतंय.

भूकंपाची खूण बघायला मात्र कार्मुच्या मठात जा. छप्पर पडलं ते तसंच ठेवलंय. दगडी कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये आकाश. याच चौकातल्या बराकीत २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान लपून बसला होता आणि बाहेर सैनिकांच्या बंदुकांत लोक लाल कार्नेशन खोचत होते. त्या दिवसाचा आपल्याशी संबंध आहे. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केलं १९७४ च्या अखेरीस, या क्रांतीनंतरच.

रोसियोशेजारचं साऊं दुमिंगुश चर्च बहुतेक टूर गाळतात. १५०६ मध्ये ज्यूंची कत्तल इथून सुरू झाली. बाहेर चौकात त्याचं स्मारक आहे. १९५९ मध्ये आत आग लागली आणि खांब भाजून फुटले. दुरुस्ती करताना ते गुळगुळीत केले नाहीत. तडे गेलेल्या खांबावर हात ठेवलात तर दगडाचे पोपडे बोटांना लागतात.

बेलेमला काय बघायचं, काय सोडायचं?

१५ नंबरची ट्राम घ्या. सोमवारी जाऊ नका, मठ बंद असतो.

जेरोनिमुशचा मठ १६ व्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला तो मिऱ्यांच्या पैशातून. मसाल्याच्या व्यापारावर पाच टक्के कर बसवला होता, त्यालाच 'मिऱ्याचा विसावा हिस्सा' म्हणत. आतल्या अंगणाभोवतीच्या कमानी बघताना दोर, गाठी, पोवळी, वेली असं सगळं दगडात गुंफलेलं दिसतं. मी प्रत्येक पाहुण्याला हेच सांगते, की यातला एकेक दोर मलबारच्या वेलींवर पिकलाय.

मठाला तिकीट आहे आणि मोठी रांग आहे. शेजारचं चर्च फुकट, त्याची रांग वेगळी. वेळ नसेल तर नुसतं चर्च बघा. वेदीपाशी राजा मानुएल आणि त्याच्या घराण्याची थडगी आहेत, आणि ती पेलून धरलीत संगमरवरी हत्तींनी. वेरूळच्या कैलासात हत्तींनी अख्खं मंदिर पाठीवर घेतलेलं आपण पाहिलेलं असतं. पण येशूच्या वेदीशेजारी, राजाच्या शवपेटीखाली तोच प्राणी बघून जरा थबकायला होतं.

नदीकाठचं शोधयात्रांचं स्मारक १९६० चं, हुकूमशाहीच्या काळातलं, आणि ते तसंच दिसतं: छाती काढून उभं. त्याच्यासमोर जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा आहे, जहाजं कुठे कधी पोचली त्याच्या सालांसकट. मुलं त्यावर उड्या मारत लिस्बनहून भारत गाठतात. तो फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा.

बेलेमच्या बुरुजावर गेंडा आहे म्हणे?

आहे. आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मी कुणाला तिथून हलू देत नाही.

गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने भारतातला पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसु द आल्बुकेर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला. दीवला किल्ला बांधायची परवानगी मागायला पोर्तुगीज वकील गेले होते. परवानगी मिळाली नाही, गेंडा मिळाला. आल्बुकेर्कने ते जनावर जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढवून राजाकडे पाठवून दिलं, आणि २० मे रोजी ते लिस्बनला उतरलं. रोमन काळानंतर युरोपाने जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. पोर्तुगीज त्याला 'गांदा' म्हणायला लागले, म्हणजे आपलाच शब्द. राजाला जुन्या लॅटिन ग्रंथात वाचलेलं तपासायचं होतं, की हत्ती आणि गेंडा जन्मवैरी असतात. राजवाड्याच्या आवारात दोघांना समोरासमोर आणलं. हत्ती लहान होता, बिचारा वळला आणि धूम पळाला. ग्रंथ खरा ठरला.

मग राजाने तो पोपला भेट म्हणून धाडला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं. गेंडा पोहू शकतो, पण हा साखळदंडाने डेकला जखडलेला होता. तिकडे जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूररने जनावर न बघता, केवळ आलेल्या वर्णनावरून त्याचं चित्र लाकडावर कोरलं: अंगावर चिलखताचे पत्रे, मानेवर एक जादा शिंग. पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोप गेंडा म्हणजे असाच असतो असं समजून चालला.

बुरुज त्याच सुमारास बांधला जात होता. त्याच्या एका कोपऱ्यावरच्या छोट्या मनोऱ्याच्या पायथ्याशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. वाऱ्यापाण्याने नाक झिजलंय, पहिल्यांदा बघणाऱ्याला दगडाचा नुसता गोळा वाटतो. ते बाहेरून दिसतं, तिकिटाची गरज नाही. बुरुज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, त्यामुळे आत जायचं असेल तर आधी चौकशी करा. खरं सांगू का, आत अरुंद जिना आणि रिकाम्या खोल्या आहेत. नाही गेलात तरी चालेल.

वास्को द गामाच्या थडग्यापुढे काय करायचं?

हे एका काकांनी गंभीरपणे विचारलं होतं, फूल वाहायचं असतं का म्हणून. जेरोनिमुशच्या चर्चमध्ये शिरताच डावीकडे ते थडगं आहे. माणूस वारला कोचीला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. हाडं नंतर पोर्तुगालला आणली आणि १८८० मध्ये इथे. याच माणसाने १५०२ च्या फेरीत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं होतं. हात जोडायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी जोडत नाही. काकांनी फूल खिशातच ठेवलं.

गोव्याच्या खुणा आणखी कुठे सापडतील?

आल्कांतारातलं ओरिएंत संग्रहालय घ्या. पूर्वीचं खाऱ्या कॉड माशाचं गोदाम, २००८ पासून संग्रहालय. तिथे गोव्यात घडवलेल्या वस्तू आहेत. प्राचीन कला संग्रहालयात भारतातल्या कारागिरांनी पोर्तुगीजांसाठी केलेलं जडावाचं लाकूडकाम आहे. साऊं रोक चर्चचं तोंड बाहेरून अगदी साधं, पण आत सोन्यात बुडवल्यासारखं. तिथल्या मागच्या खोलीत फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची १७ व्या शतकातली चित्रं भिंतभर लावलीत. १५४१ मध्ये तो याच गावातून गोव्याला निघाला. जुन्या गोव्यात ज्यांचं शव बघायला रांग लावली, त्यांची निघतानाची बाजू इथे.

माणसांतली खूण हवी असेल तर आंतोनियु कोश्ता. आठ वर्षं लिस्बनचे महापौर, मग पंतप्रधान, आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष. वडील गोव्याचे. घरातलं नाव 'बाबुश'. मडगावात हाक मारली तर चार जण वळून बघतील.

वसईकरांसाठी एक. १७३९ मध्ये चिमाजीअप्पा वसईला वेढा घालून बसले होते, तेव्हा लिस्बनमध्ये राजा जुआंव पाचवा शहरासाठी पाण्याचा प्रचंड जलसेतू बांधत होता. आल्कांतारा दरीवर त्याची सगळ्यात उंच कमान ६५ मीटरची. भूकंपात तो हलला नाही. त्यावरून चालता येतं, आणि तिथे गर्दी नसते.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. खायचं काय?

उपाशी राहणार नाही, पण विचारून खा. 'सें कार्न, सें पैश' म्हणजे मांस नको, मासा नको. एवढं पाठ करा. हिरव्या पाल्याचं 'काल्दु व्हेर्द' सूप बटाट्याचं असतं, पण वर सॉसेजची एक चकती तरंगत येते. 'सें शोरिसु' सांगितलं नाहीत तर ती येणारच. कॅफेच्या काचेत त्रिकोणी 'शमुसा' दिसेल, म्हणजे आपला समोसा, गोवा-मोझांबिकमार्गे आलेला. बहुतेक वेळा आत खिमा असतो, तेव्हा तोंड लावायच्या आधी विचारा. दालचिनीने वर नक्षी काढलेली 'आरोश दोस' ही भाताची खीर. तिच्यात कुठे कुठे अंड्याचा बलक घालतात. 'पश्तेल द नाता'मध्ये तर बलक असतोच. बेलेमच्या १८३७ पासूनच्या दुकानात ते गरमागरम खाणं हा खरा लिस्बनचा विधी. अंडं चालत असेल तर दोन खा, एकाने भागत नाही.

वरणभाताची तलफ आली तर मार्तिम मोनिझच्या मागच्या गल्ल्यांत जा. बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानं आहेत, डाळीपासून मेथीपर्यंत सगळं मिळतं. चालत असेल त्यांनी बाकल्याव जरूर खावा: खारवून वाळवलेला कॉड. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकं मासळी भरतात, इथे तो बारमाही सणावाराचा पदार्थ आहे.

हॉटेलात बसल्या बसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणी वाईट मानत नाही. यावरून एका पाहुण्यांचा वेटरशी भलताच वाद झाला होता, म्हणून सांगतेय.

पोर्तुगीज येत नाही. इंग्रजीवर भागेल का?

सहज. पण तुम्हाला वाटतं त्याहून जास्त पोर्तुगीज तुम्हाला येतं. पाव, बटाटा, कोबी, चावी, साबण, फीत, घमेलं, बिजागरी, परात, पिंप, लिलाव, नाताळ, पाद्री. बाजारातल्या पाट्या मोठ्याने वाचत चला, दर तिसऱ्या दुकानात ओळखीचं कुणीतरी भेटतं. काउंटरवर 'पगार आकी' अशी पाटी दिसली तर हरखू नका. पगार इथे मिळत नाही, द्यावा लागतो: 'पैसे इथे भरा' असा तिचा अर्थ. रोमन 'एक्स'चा उच्चार बरेचदा 'श' होतो. गोव्याच्या मेन्यूवर शाकुतीचं स्पेलिंग आठवा, म्हणजे 'बायशा' चुकणार नाही. चहा हवा असेल तर 'शा' मागा. कडक छोटी कॉफी म्हणजे 'बिका', भरपूर दुधाची 'गलांव'. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु', बाई 'ओब्रिगादा'.

फादोचा कार्यक्रम बघावा का?

ऐकावा. बघण्यासारखं फार नसतं: एक गाणारी, खांद्यावर काळी शाल, सोबत बारा तारांची पोर्तुगीज गिटार. दिवे मंद होतात, कुणीतरी 'सिलेंसिउ' म्हणतं, आणि मग चमच्याचा आवाजही करायचा नाही. नाट्यसंगीताच्या मैफलीत भैरवी चालू असताना कुणी वेफर्सचं पाकीट फोडावं, तसं होतं ते. जेवणासकटचे मोठे कार्यक्रम महाग पडतात. अल्फामा-मोरारियात लहान खानावळींत शेजारपाजारचे लोक उठून गातात, तिथे जा. सूर कधी कधी सुटतो, पण गाणं खरं असतं.

चोऱ्या होतात का?

मारामारीची भीती नाही, खिसे सांभाळा. २८ ची ट्राम, किल्ल्याचा रस्ता, मेट्रोचं दार. बायशात कुणी कानाशी येऊन 'हशीश' कुजबुजेल. ते बहुधा तमालपत्राच्या जातीचा वाळका पाला असतो. 'नको' म्हणा, पुढे चला.

सिंत्रा एका दिवसात होईल?

रोसियोहून ट्रेन, सुमारे चाळीस मिनिटं. पेनाच्या राजवाड्याच्या आतलं तिकीट वेळ ठरवून घ्यावं लागतं, आधी काढा. त्यासोबत आणखी एकच ठिकाण धरा. कोट न्या, लिस्बनला ऊन असताना वर धुकं असतं, माथेरानला जूनमध्ये असतं तसं. सोमनाथ-पाटणचा तेराव्या शतकातला एक संस्कृत शिलालेखही पोर्तुगिजांनी याच सिंत्र्याच्या एका बागेत आणून लावला होता. ती बाग खासगी आहे, शोधत बसू नका.

आठवण म्हणून काय न्यावं?

बुचाच्या झाडाच्या सालीच्या वस्तू हलक्या असतात, टिकतात. मंगळवार-शनिवारच्या जुन्या बाजारात सुट्या निळ्या टाइल्स मिळतात. घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच कुणाच्या तरी घराच्या भिंतीवरून उपटलेल्या असतात. नव्या, हाताने रंगवलेल्या घ्या.

शेवटच्या संध्याकाळी दोन तास उरतील. कुठे जाऊ?

काइश दु सोद्रेहून कासिल्याशची फेरी बोट. मेट्रोचंच कार्ड चालतं, दहा मिनिटांत पलीकडे. तिथे नदीच्या कठड्याला लागून थोडं चाला. पुढे लाल पूल दिसतो, आणि गाड्या त्याच्या लोखंडी जाळीवरून जाताना मधमाश्यांसारखा एकसुरी गुणगुणाट खाली ऐकू येतो. परतताना उजव्या बाजूच्या खिडकीशी बसा. काचा खाऱ्या पाण्याने धुरकट असतात, रुमालाने पुसून घ्या. डावीकडून मावळतीचं ऊन येतं आणि समोरचा अल्फामा, किल्ल्यापर्यंत, भाजक्या कौलांच्या रंगाचा होतो.